जोड्याची जोपासना

मनुष्याच्या पेहरावात सर्वांत अधिक कष्ट सोसणारी आणि सर्वांत कमी मान मिळवणारी वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर पायातल्या जोड्याचेच नाव घ्यावे लागेल. टोपीला खुंटी असते, शालूला पेटी असते, अंगठीला मखमलीची डबी असते. जोड्याच्या वाट्याला मात्र उंबऱ्याबाहेरचा कोपरा किंवा, फार झाले तर, दारामागची धुळकट फळी येते. आपल्या भाषेनेही त्याला याहून बरी वागणूक दिलेली नाही. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपण वहाणेविषयी बोलताना कधीच वापरत नाही. कुणा माणसाला त्याची पायरी दाखवायची असली म्हणजे ती आपल्याला आठवते. हेलपाटे घालणे म्हणजे जोडे झिजवणे आणि लाचारी करणे म्हणजे जोडे पुसणे, असे आपण सहज बोलून जातो. आणि मौज अशी की, ज्या घरात जोडा उंबऱ्याच्या आत येत नाही त्याच घराच्या देव्हाऱ्यात पादुका विराजमान असतात. भरताने सिंहासनावर ठेवल्या त्या पादुकाच, आणि आषाढीला पालखीतून पंढरीची वाट चालतात त्याही संतांच्या पादुकाच!

या विसंगतीचा थोडासा विचार करावा, आणि त्याबरोबरच चांगला कातडी बूट कसा निवडावा, कसा वापरावा व कसा सांभाळावा याविषयी आमच्या वाचककुटुंबांना उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगाव्यात, अशा दुहेरी हेतूने हा लेख लिहीत आहोत.

पुणेरी जोड्यापासून बुटापर्यंत

बडोद्याच्या वाचकांना सयाजीगंजाची ओळख करून द्यावयास नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला विद्यापीठ आणि पुढे सयाजीबागेच्या दाराशी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे आपला 'काळा घोडा', अशा या वस्तीतून दिवसभर असंख्य पावले जात-येत असतात. मुलाखतीला निघालेला पदवीधर, कोर्टाकडे लगबगीने जाणारा वकील, लग्नाच्या खरेदीला आलेले कुटुंब, सगळी येथे एकाच रस्त्यावर भेटतात. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यांवरून नजर काढून पायांकडे पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. कपडे बहुतेकांचे इस्त्रीचे असतात. बूट मात्र टाचेला झिजलेले, पुढे सुरकुतलेले, नाडी तुटून गाठ मारलेले असे असतात. अंगावरच्या कोटाची जेवढी चिंता आपण वाहतो तिच्या दशांशानेही पायाची वाहत नाही.

आपल्या घरांतले जुने छायाचित्रसंग्रह काढून पाहावेत. पणजोबांच्या डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणे आणि पायात पुणेरी जोडा किंवा लाल चढाव दिसेल. पुढच्या पिढीत धोतर कायम राहते, पण त्याखाली बूट येतो. आणि त्या पुढच्या पिढीत पाटलोणीखाली बूट हा सुशिक्षिताचा गणवेशच होऊन बसतो. या बदलामागे सोय होती, नोकरी होती आणि हौसही होती. पण एक राजकीय कारणही होते. कंपनी सरकारच्या काळी साहेबापुढे जाताना एतद्देशीयाने जोडे बाहेर काढावेत असा दंडक असे. १८५४ साली सरकारने सवलत दिली ती अशी की, ज्यांनी विलायती पद्धतीचे बूट व मोजे घातले असतील त्यांनी ते औपचारिक प्रसंगी पायात ठेवावेत. म्हणजे देशी जोडा तेवढा उंबऱ्याबाहेर! आपल्या शेजारच्या सुरतेत १८६२ साली एका पारशी गृहस्थाने कोर्टात जोडे काढण्याचे नाकारले, तेव्हा त्याला बाहेर काढण्यात आले आणि त्या प्रकरणाची मोठीच चर्चा झाली. पायात काय आहे यावर माणसाचा मान ठरत होता, एवढे यावरून स्पष्ट होते.

मात्र साहेबाच्या दारी झालेला हा अपमान ज्यांना झोंबला, त्याच आपल्या समाजाने जोडा शिवणाऱ्या हातांना त्याहून मोठ्या अपमानात ठेवले होते, हेही विसरता येत नाही. मेलेले जनावर ओढणारा, कातडे कमावणारा आणि जोडा शिवणारा असे तिघेही गावाबाहेरचे. त्यांनी केलेली वस्तू आम्ही पायात घालून मिरवावी आणि त्यांची सावली मात्र टाळावी! संत रोहिदासांचे नाव आदराने घेणाऱ्यांनीही त्यांच्या व्यवसायाला आदर दिला नाही. हा विषय सयाजीगंजाच्या अगदी उंबरठ्याशी येऊन पोचतो. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना हुसकावून लावण्यात आले आणि मुंबईच्या गाडीची वाट पाहत काही तास त्यांनी कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढले. त्या जागेची स्मृती आज 'संकल्पभूमी' या नावाने जपली जाते. जी रूढी त्यांच्या आड आली तिनेच चामड्याला हात लावणाऱ्या कारागिरालाही दाराबाहेर ठेवले. म्हणून जोड्याची निगा हा विषय केवळ पॉलिशच्या डबीचा नव्हे, असे आम्हांस वाटते.

कमावलेले कातडे

कातडे 'कमावणे' हा आपला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. कच्चे कातडे दोन दिवसांत कुजू लागते. त्याच्या तंतूंत वनस्पतींतील तुरट द्रव्ये किंवा क्रोमियमचे क्षार मुरवले म्हणजे तेच कातडे वर्षानुवर्षे टिकते. जुनी पद्धत झाडपाल्याची. उत्तरेत बाभळीची साल, दक्षिणेत तरवडाची साल आणि आपल्या सह्याद्रीतला हिरडा ही तिची मुख्य साधने. या पद्धतीला आठवडे, कधी महिनेही लागतात. पण कातडे घट्ट होते आणि वापरता वापरता पायाचा आकार घेते. क्रोमची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. तिचे काम थोड्या दिवसांत उरकते आणि कातडे मऊ राहून पाण्याला अधिक तोंड देते. म्हणून आजच्या उत्तम बुटात वरचा भाग बहुधा क्रोमच्या वासराच्या कातड्याचा आणि तळ झाडसालीने कमावलेल्या जाड कातड्याचा असतो.

आपल्या घरांत मुलुखाकडून येणारी कोल्हापुरी वहाण ही या जुन्या विद्येची सख्खी वारस होय. झाडसालीने कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीची शिवण आणि खिळ्याचा अभाव ही तिची लक्षणे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, विजापूर, बागलकोट, धारवाड अशा आठ जिल्ह्यांचे मिळून. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तिच्यासारखीच वहाण मांडली आणि तिच्या मुळाचा उल्लेखही केला नाही, तेव्हा इकडे संताप उसळला. पुढे कंपनीने ते ऋण मान्य केले. ज्या वस्तूला आपण दाराबाहेर ठेवतो तिचे मोल जगाच्या बाजारात केवढे आहे, हे त्या निमित्ताने अनेकांना प्रथमच कळले असावे.

निवड

चांगला बूट ओळखावा कसा? प्रथम त्याचे कातडे पाहावे. अस्सल, न घासलेल्या कातड्यावर बारीक रंध्रे दिसतात आणि बोटाने दाबले असता नाजूक सुरकुत्या पडून विरतात. वरचा पापुद्रा घासून त्यावर रंगाचा जाड थर दिलेला बूट दुकानात अधिक चकाकतो, पण सहा महिन्यांत घडीच्या जागी तडकतो. आणि एकदा तडकला की त्यावर उपाय नाही.

त्यानंतर बूट उलटा करून तळ पाहावा. आज बाजारातील बहुसंख्य बुटांचे तळ केवळ चिकटवलेले असतात. उत्तम बुटात वरचे कातडे आणि आतला तळ यांना सभोवार एक चामडी पट्टी शिवलेली असते आणि बाहेरचा तळ त्या पट्टीला शिवलेला असतो. या पट्टीला वेल्ट म्हणतात. मधल्या पोकळीत बुचाचा भुसा भरलेला असतो आणि तो हळूहळू पायाच्या ठेवणीप्रमाणे बसतो. अशा बुटाचा तळ झिजला म्हणजे वरच्या भागाला धक्का न लावता तो उसवून नवा शिवता येतो. हिशेब करून पाहावा. समजा, दोन हजारांचा चिकटवलेला बूट दरवर्षी बदलावा लागला, तर दहा वर्षांत वीस हजार रुपये गेले. दहा हजारांचा शिवलेला बूट घेऊन त्याचा तळ दोनदा बदलला आणि प्रत्येक वेळी दोन हजार पडले, तरी चौदा हजारांत दहा वर्षे निघतात, आणि अकराव्या वर्षीही बूट पायात असतो.

तिसरी गोष्ट मापाची. बूट नेहमी सायंकाळी घ्यावा, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजलेला असतो. दोन्ही पायांची मापे घ्यावीत. ती क्वचितच सारखी असतात, आणि मोठ्या पायाला बसेल तोच जोड घ्यावा. पंज्याचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या सर्वांत रुंद भागात यावा, बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी मोकळी जागा राहावी आणि टाच चालताना उचलू नये. कातडे रुंदीला थोडे सैलावते, लांबीला सैलावत नाही, हे दुकानदाराच्या आश्वासनापेक्षा अधिक भरवशाचे आहे. इंग्रजी मापातला एक आकडा म्हणजे एक तृतीयांश इंच, अर्थात जवाच्या एका दाण्याची लांबी. परंतु ही मापे परक्या पायांवरून बेतलेली आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा आपला पाय पाश्चात्त्यांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले. त्यावरूनच 'भा' नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. रुंदी पुरत नाही म्हणून एक आकडा मोठा बूट घेणे आणि मग टाच सुटते म्हणून कुरकुरणे, हा आपला घरोघरचा अनुभव त्यामुळे उलगडतो.

संग्रह किती असावा?

पुस्तकांप्रमाणे किंवा नाण्यांप्रमाणे बुटांचाही संग्रह करणारे रसिक आहेत, आणि त्यांच्या हौसेला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु सामान्य गृहस्थाला तीन जोड पुष्कळ झाले. पहिला काळा ऑक्सफर्ड. यात नाडीच्या पट्ट्या खालून शिवून बंद केलेल्या असतात. लग्न, मुलाखत, समारंभ या सर्वांना तो शोभतो. दुसरा तपकिरी डर्बी. याच्या पट्ट्या वर मोकळ्या असल्याने रुंद आणि उंच पाठीच्या पायाला तो अधिक सोयीचा. रोजच्या कचेरीला हाच घ्यावा. तिसरा बिननाडीचा लोफर किंवा, ज्यांना आवड असेल त्यांनी, छिद्रांच्या नक्षीचा ब्रोग. आयर्लंड-स्कॉटलंडच्या दलदलीत बुटात शिरलेले पाणी वाहून जावे म्हणून पाडलेल्या छिद्रांची पुढे नक्षी झाली, असे तिच्याविषयी सांगतात.

एकाऐवजी दोन-तीन जोड असावेत यामागे चैनीपेक्षा शास्त्र अधिक आहे. दिवसभरात पायाचा घाम कातडे शोषून घेते आणि तो पूर्ण वाळायला किमान एक दिवस लागतो. रोज तोच बूट घातला तर ओल आतच राहते, अस्तर कुजते आणि दुर्गंधी येते. आलटून पालटून वापरलेले दोन जोड हे एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतात.

वडिलांचा जोडा मुलाच्या पायात येऊ लागला की त्याला मित्राप्रमाणे वागवावे, असे आपल्याकडे म्हणतात. मित्रत्व खुशाल जोडावे, परंतु वाढत्या वयाच्या मुलाला दुसऱ्याचा वापरलेला बूट शक्यतो देऊ नये. तो दुसऱ्याच्या पायाच्या वळणाने घडलेला असतो आणि कोवळ्या पायाला ते वळण जाचते.

निगा

निगेचे नियम साधे आहेत. त्यांना पैसा थोडा आणि सवय अधिक लागते. बूट घालताना पट्टीचा उपयोग करावा आणि काढताना नाडी सोडावी. टाचेवर टाच दाबून बूट ओढून काढल्याने मागचा भाग मोडतो. घरी आल्यावर ब्रशने धूळ झटकावी, कारण सुरकुतीत बसलेली धूळ कातड्याला कानशीसारखी घासते. मग आत लाकडी साचा घालावा. तो नसेल तर वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. त्याने घडी सरळ होते आणि ओलही शोषली जाते.

पॉलिशविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. चेरी ब्लॉसमची किंवा किवीची डबी घराघरांत असते; पण त्या मेणाने चकाकी येते आणि पाण्यापासून थोडे रक्षण होते, एवढेच त्याचे काम. कातड्याचे पोषण करते ते क्रीम. प्रथम ओलसर फडक्याने बूट पुसावा, वाळल्यावर मऊ कापडाने थोडेसे क्रीम गोलाकार चोळावे, दहा मिनिटांनी घोड्याच्या केसांच्या ब्रशने घासावे, आणि मग केवळ टोकाला व टाचेला मेणाचा पातळ हात द्यावा. वारंवार वाकणाऱ्या भागावर मेणाचे थर चढवले तर ते तडकतात. क्षणात चकाकी देणारी पातळ पॉलिशे तर कातड्यावर केवळ एक पापुद्रा चढवतात. चांगल्या बुटाला त्यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. रोज वापरातल्या बुटाला क्रीमचा हा उपचार पंधरा दिवसांनी एकदा पुरतो. बडोद्याच्या वैशाखात कातडे कोरडे पडते, तेव्हा तो अधिक काळजीने करावा.

पावसाळ्याची कथा निराळी. भिजलेला बूट उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवला म्हणजे कातडे आखडून कडक होते. तो सावलीत, वाऱ्यावर, कुशीवर टेकवून ठेवावा, म्हणजे तळालाही हवा लागते. आतले कागद भिजतील तसे बदलावेत आणि पुरता वाळल्यावरच क्रीम लावावे. बुरशी आली असेल तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटकावी आणि पाण्यात थोडा व्हिनेगर मिसळून त्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. प्लास्टिकच्या पिशवीत बूट कधीही बांधून ठेवू नये; सुती पिशवी उत्तम. जुलै २०१९ च्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा अनेक घरांतून इतर सामानाबरोबर जोडेही चिखलातून निघाले. अशा वेळी चिखल आधी स्वच्छ पाण्याने धुवावा आणि मग वरीलप्रमाणे सावकाश वाळवावे. शिवलेला बूट या उपचाराने पुष्कळदा वाचतो. चिकटवलेल्याचा तळ मात्र बहुधा सुटून येतो.

दुसरे दोन हात

एवढे करूनही टाच झिजणार, शिवण उसवणार. तेव्हा आपल्याला पदपथावरच्या मोचीकाकांची आठवण होते. त्यांच्यापुढे लोखंडी पाय, शेजारी आरी आणि रापी, मेण ओढलेला दोरा आणि रबराचे चार तुकडे एवढाच संसार असतो. थोडे थांबून पाहिले तर त्या कामातले कौशल्य कळते. रापीने चामड्याची कड पातळ करताना हात किंचित जड पडला तरी तुकडा वाया जातो. आरीने पाडलेली छिद्रे सारख्या अंतरावर नसतील तर शिवण एका बाजूला ओढते. हे शिक्षण बापाच्या शेजारी बसून झालेले असते. मात्र आज त्याच कारागिराच्या मुलाला या धंद्यात राहावेसे वाटत नाही, आणि त्यासाठी त्याला दोष कोणी द्यावा? ज्या कामाने पोटापुरते मिळत नाही आणि ज्याने माणसाला कमीपणा येतो, ते काम त्याने परंपरा म्हणून का चालवावे?

ही विद्या टिकवण्यासाठी मोठी भाषणे लागत नाहीत. दुरुस्त होऊ शकेल असा बूट आपण विकत घेतला, तर दुरुस्त करणाऱ्याला काम राहते. फेकून देण्याजोगा घेतला, तर त्याचे काम आपणच काढून घेतो. ज्या दुकानात आपण हजारोंची पावती मुकाट्याने घेतो, तेथून बाहेर पडून टाच ठोकणाऱ्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणे, हे कोणत्याही सुसंस्कृत कुटुंबाला शोभणारे नाही. बूट त्याच्यापुढे भिरकावण्याऐवजी पुसून हातात द्यावा. आपल्या मुलांनी ते पाहावे.

आमची वाचकांस एक सूचना आहे. नवरात्रात खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. कारागीरही त्या दिवशी आपापली हत्यारे पुजतात. त्याच्या आदल्या रविवारी सकाळी घरातील सर्वांनी आपापले जोडे ओळीने मांडावेत, मुलांच्या हाती ब्रश आणि फडके द्यावे, आणि वडिलधाऱ्यांनी प्रथम स्वतःचा जोडा स्वतः पुसून दाखवावा. ज्यांची टाच झिजली असेल ते जोडे वेगळे काढून त्याच दिवशी दुरुस्तीला न्यावेत आणि मागतील ती मजुरी द्यावी. दसऱ्याला सोने लुटावयास निघताना पायातला जोडा चकचकीत असेल. आणि तो कुणी शिवला, कुणी सांधला, हे घरातल्या मुलांना ठाऊक असेल.